विकणे आहे : एक कुरण

इ. स. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सस ह्या राज्यात एक मालमत्ता विक्रीस निघाली. घर, वाडा किंवा बाग विकावयाची असली म्हणजे जशी जाहिरात देतात तशीच ही जाहिरात होती. फक्त तिच्यातील आकडे असे होते की वाचणाऱ्याला ते पुन्हा एकदा तपासून पाहावेसे वाटावेत. जमीन सुमारे ५ लक्ष १० हजार एकर, म्हणजे आठशे चौरस मैल. तीवर चरणारी गुरे सुमारे ६,८००. घोडे ५००. नांगराखालची जमीन ३० हजार एकर. खनिज तेलाच्या विहिरी १,२०० च्या घरात. शिवाय राहती घरे, तबेले, तलाव, तलावांत मासळी, आणि रानात हरणे, लावे, होले व रानटर्की. मागितलेली किंमत ७२ कोटी ५० लक्ष डॉलर. मुंबई शहर आणि तिची सारी उपनगरे एकत्र केली तरी ह्या मालमत्तेचा तिसरा हिस्साही भरत नाही, एवढे सांगितले म्हणजे तिच्या विस्ताराची कल्पना येईल.

ह्या मालमत्तेचे नाव वॅगनर रँच. रँच म्हणजे गुरे पोसण्यासाठी राखलेले विस्तीर्ण खासगी कुरण. डॅलस शहराच्या वायव्येस सुमारे पावणेदोनशे मैलांवर, व्हर्नन ह्या गावाच्या दक्षिणेस, सहा जिल्ह्यांत हे कुरण पसरलेले आहे. टेक्ससमधील किंग रँचचे क्षेत्र ह्याहून मोठे आहे. परंतु ते वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेले आहे. एकाच कुंपणाच्या आत असलेले सर्वांत मोठे कुरण म्हणून अमेरिकेत वॅगनर रँचची ख्याती होती. शिवाय ते केवळ शोभेचे नव्हते. तेथे घोड्यावर बसून गुरे वळणारे काउबॉय होते, वासरांना डाग दिले जात होते, आणि वर्षाकाठी जनावरे बाजारात जात होती. जाहिरातीच्या भाषेत ते चालू धंद्याचे कुरण होते, आणि शिकार व मासेमारी ही त्याची जोडसुखे होती.

आता थोडा हिशेब करून पाहावा. मागितलेली किंमत एकरी सुमारे १,४२० डॉलर पडते. एवढ्या रकमेवर दरसाल शेकडा ५ व्याज धरले तर वर्षाचे ३ कोटी ६२ लक्ष डॉलर होतात. ते केवळ गुरांनी मिळवून द्यावयाचे, तर प्रत्येक जनावरामागे वर्षाला ५,३०० डॉलरांहून अधिक निव्वळ नफा झाला पाहिजे. गाईला वर्षाला एक वासरू होते, आणि त्या वासराची किंमत ह्या आकड्याच्या आसपासही जात नाही. तेलविहिरींनी काही भार उचलला तरी एक गोष्ट उघड होते : गाईंच्या नावाने जी वस्तू विकली जात होती ती गाई नव्हती. मग ती कोणती? ह्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते त्या जमिनीच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते.

त्या इतिहासाच्या आरंभी ह्या भूमीवर कुंपण नव्हते आणि गाईही नव्हत्या. रेड नदीच्या दोन्ही तीरांवर गवताचा समुद्र पसरलेला होता व त्यात बायसन चरत असत. गव्याच्या जातीचा हा मोठ्या खांद्याचा, दाट केसांचा पशू. कोमांची आणि कायोवा ह्या जमातींचे सारे जीवन त्याच्यावर उभे होते. त्याचे मांस हे त्यांचे अन्न, त्याचे कातडे हा त्यांचा तंबू व पांघरूण, त्याचे स्नायू म्हणजे त्यांचा दोरा. शिकार हा त्यांचा विरंगुळा नव्हता. ती त्यांची शेती होती. कोणत्या टोळीने कोठे फिरावे ह्याचे त्यांच्यात संकेत होते, परंतु गवताचे खरेदीखत ही कल्पना त्यांना ठाऊक नव्हती.

इ. स. १८६७ मध्ये मेडिसिन लॉज येथे झालेल्या तहाने ह्या जमातींना रेड नदीच्या उत्तरेस, आजच्या ओक्लाहोमा राज्यात, एक राखीव प्रदेश नेमून देण्यात आला. त्याबरोबरच काही भागात बायसनची शिकार करण्याचा त्यांचा हक्क मान्य करण्यात आला होता. मात्र जोपर्यंत शिकार करण्यापुरते बायसन शिल्लक राहतील तोपर्यंतच. ही अट फार थोड्या वर्षांत पुरी झाली. १८७१ च्या सुमारास बायसनचे कातडे कमावून यंत्रांचे पट्टे करण्याची युक्ती साधली, कातड्याला गिऱ्हाईक मिळाले, आणि लांब पल्ल्याच्या बंदुका घेतलेले व्यापारी शिकारी मैदानांत उतरले. ते कातडे सोलून घेत व देह तेथेच टाकून देत. दहा वर्षांच्या आत दक्षिणेकडील कळप नाहीसे झाले. १८८९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे ह्यांनी मोजदाद केली तेव्हा कोट्यवधींच्या त्या वंशातले, पाळीव व मोकळे मिळून, जेमतेम अकराशे उरले होते.

कोमांचींनी हे निमूटपणे पाहिले नाही. १८७४ मध्ये रेड नदीचे युद्ध म्हणून ओळखला जाणारा शेवटचा झगडा झाला. त्या वर्षी २८ सप्टेंबरला कर्नल रॅनल्ड मॅकेन्झी ह्याने पालो ड्युरो नावाच्या खोल दरीत त्यांच्या छावण्यांवर पहाटे हल्ला केला. माणसे फार पडली नाहीत. परंतु तंबू, सुकविलेले मांस व पांघरुणे जाळण्यात आली, आणि पकडलेल्या घोड्यांपैकी हजाराहून अधिक घोडी गोळ्या घालून मारण्यात आली. घोडा गेला म्हणजे शिकार गेली, आणि शिकार गेली म्हणजे हिवाळा काढता येत नाही, हे मॅकेन्झीला पुरते कळत होते. पुढल्या वर्षीच्या जून महिन्यात क्वाना पार्कर ह्या तरुण पुढाऱ्याच्या मागोमाग शेवटच्या टोळ्या फोर्ट सिल येथे शरण आल्या. त्या गवताला आता धनी उरला नव्हता. निदान तसे मानणे सोयीचे झाले होते.

वॅगनर घराण्याची कथा ह्याच्या थोडी आधी सुरू होते. टेनेसीमध्ये १८२८ साली जन्मलेला डॅन वॅगनर आईबापांबरोबर टेक्ससमध्ये आला. १८५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो वाइझ जिल्ह्यात जाऊन राहिला. त्याच्याजवळ २४२ लांब शिंगांची गुरे व सहा घोडे होते, आणि पंधरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय गुलाम मुलगा होता. ह्या कारभाराला पुढे त्याच्या मुलाची, विल्यम टॉमस वॅगनरची, जोड मिळाली. गुरांना उलट्या डी अक्षरांचा डाग देण्याची ह्या घराण्याची रीत. सुलटे अक्षर चोराला तापल्या सळईने फिरवून दुसरे करता येते. उलटे फिरविणे कठीण, असा त्यातला व्यावहारिक विचार होता.

त्या काळी टेक्ससमध्ये गुरे उदंड आणि गिऱ्हाईक दुर्मीळ अशी स्थिती होती. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले तेव्हा दक्षिणेत चार डॉलरांना मिळणारे जनावर उत्तरेकडील शहरांत चाळीस डॉलरांना जात असे. मध्ये अंतर होते ते शेकडो मैलांच्या वाटेचे. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय ह्या व्यापाऱ्याने कॅन्सस राज्यातील ॲबिलीन ह्या आडगावी, रेल्वेच्या काठी, गुरांचे कोंडवाडे बांधले आणि टेक्ससची गुरे तेथवर हाकीत आणण्याचा धंदा चालू झाला. १८७० च्या सुमारास, विशीही न गाठलेल्या धाकट्या वॅगनरने असाच एक कळप कॅन्ससला नेला व ५५ हजार डॉलर घेऊन तो परत आला, असे सांगतात. वॅगनर घराण्याचे भांडवल ते हेच. पुढे गुरांचा पश्चिमेकडचा मोठा मार्ग व्हर्ननच्या उत्तरेस डोन्स क्रॉसिंग येथे रेड नदी ओलांडू लागला, आणि लाखो गुरे त्या पाण्यातून पलीकडे गेली.

ह्या व्यापाराचे रहस्य असे की त्यातला सर्वांत मोठा खर्च फुकट होता. गवताला भाडे नव्हते. महाराष्ट्रातील खेड्यांत गायरान असते ते गावाच्या नावाने. त्यावर गावाची नजर असते, कोणाची किती गुरे चरतात ह्याची कुजबुज असते. टेक्ससच्या मैदानात गाव नव्हते, म्हणून नजरही नव्हती. ज्याच्याजवळ गुरे अधिक त्याचे गवत अधिक, एवढाच न्याय.

ही स्थिती पालटली ती एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूने. इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन ह्या शेतकऱ्याने १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट मिळविले. झाडे नसलेल्या त्या प्रदेशात लाकडाचे कुंपण परवडत नसे, आणि साध्या तारेला गुरे दाद देत नसत. काटेरी तार स्वस्त होती, टिकाऊ होती आणि बैलाला शहाणे करणारी होती. पाहता पाहता मैदानांवर तारेच्या रेघा ओढल्या गेल्या. ज्यांनी जमीन विकत घेतली होती त्यांनी ती वेढली. काहींनी न घेतलेलीही वेढली. सार्वजनिक वाटा अडल्या, पाणवठे अडले. १८८३ च्या दुष्काळात लहान गुरेवाल्यांनी रात्रीच्या वेळी मैलोगणती तारा कापल्या, आणि ठिकठिकाणी रक्तही सांडले. १८८४ च्या आरंभी टेक्ससच्या विधिमंडळाने तार कापणे हा गंभीर गुन्हा ठरविला. त्याचबरोबर सार्वजनिक रस्ता कुंपणाने अडत असेल तेथे दर तीन मैलांस एक फाटक ठेवलेच पाहिजे, असाही नियम केला. एका हाताने तार पक्की करावयाची आणि दुसऱ्या हाताने तिच्यात फाटक सोडावयाचे, हा त्या कायद्यातील समतोल होता. पुढील शंभर वर्षांत त्यातली तार तेवढी वाढत गेली.

तारेने गुरांचेही भले केले असे नाही. टेक्ससच्या उत्तर टोकाच्या कुरणवाल्यांनी, थंडीत उत्तरेकडून भरकटत येणारी परकी गुरे अडविण्यासाठी, सुमारे दोनशे मैलांचे कुंपण पूर्वपश्चिम घातले होते. १८८६ च्या जानेवारीत मोठे हिमवादळ झाले. वाऱ्याकडे पाठ करून दक्षिणेस चालत राहावयाचे, हा गुरांचा उपजत बचाव. परंतु ती चालत आली ती तारेपाशी येऊन थांबली. मागली पुढलीवर रेटत गेली. वादळ ओसरल्यावर कुंपणाच्या कडेने गोठलेल्या गुरांच्या राशी पडलेल्या आढळल्या. पुढल्या हिवाळ्यात उत्तरेकडील मैदानांतही असाच संहार झाला, आणि मोकळ्या गवतावर फुकट श्रीमंत होण्याचे युग संपले. ह्यापुढे ज्याच्या नावे जमीन तोच टिकणार होता.

वॅगनर पितापुत्रांनी हे वेळीच ओळखले. ते रेड नदीच्या दक्षिणेस जमीन विकत घेत सुटले, आणि नदीच्या उत्तरेस, कोमांची व कायोवा ह्यांच्या राखीव प्रदेशात, भाडेपट्ट्याने गवत घेऊ लागले. १८८५ पासून ह्या पट्ट्यांचे पैसे जमातींना मिळू लागले. दर एकरी वर्षाला सुमारे ६ सेंट. त्यांना ‘गवताचा पैसा’ असेच नाव पडले होते. ज्याने बायसनच्या मागे घोडा फेकला होता तो क्वाना पार्कर आता वॅगनर आणि त्याचा शेजारी बर्क बर्नेट ह्यांच्याशी करारांची बोलणी करीत होता. त्याच्या जमातीतील काही लोकांना हे पटत नव्हते. परंतु सारे गवत घेणाऱ्या वसाहतकाराहून नुसते भाड्याने घेणारा गुरेवाला बरा, हा क्वानाचा हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. भाडे घेणारा निदान कागदावर तरी मालक असतो.

तो कागदही फार दिवस टिकला नाही. राखीव प्रदेश मोडून प्रत्येकास थोडी थोडी जमीन वाटून द्यावी व उरलेली गोऱ्या वसाहतकारांसाठी मोकळी करावी, अशी सरकारची योजना होती. १९०१ मध्ये सोडत काढून हा प्रदेश वसाहतीस खुला झाला. १९०३ मध्ये लोन वुल्फ विरुद्ध हिचकॉक ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जमातींशी केलेला तह अमेरिकेच्या विधिमंडळाला एकतर्फी मोडता येतो, असा निर्णय दिला. एक मोठा तुकडा मात्र अद्याप शिल्लक होता. सुमारे ४ लक्ष ८० हजार एकरांचा तो ‘बिग पाश्चर’, आणि त्यावर वॅगनर व बर्नेट ह्यांची गुरे चरत होती.

येथे ह्या कथेत शिकार पुन्हा प्रवेश करते, पण निराळ्या वेषाने. १९०५ च्या एप्रिल महिन्यात खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट बिग पाश्चरमध्ये लांडग्यांच्या शिकारीसाठी आले. यजमान होते वॅगनर आणि बर्नेट. धावत्या घोड्यावरून उडी टाकून जिवंत लांडगा हातांनी पकडणारा जॅक ॲबरनॅथी नावाचा एक धाडसी पुरुष त्यांच्या करमणुकीस होता, आणि पाहुण्यांत क्वाना पार्करही होता. पाहुण्याची शिकार चांगली झाली म्हणजे यजमानाचे काम सोपे होते, ही गोष्ट हिंदुस्थानातील संस्थानिकांना आणि त्यांच्या पदरच्या दिवाणांना शिकविण्याची आवश्यकता नव्हती. टेक्ससच्या गुरेवाल्यांनाही ती ठाऊक होती. पट्टे चालू राहावेत ही त्यांची इच्छा होती. परंतु पुढल्याच वर्षी, १९०६ मध्ये, बिग पाश्चर वसाहतीसाठी खुले करण्यात आले.

त्या चार दिवसांत एकाच गवतावर तीन शिकारी जमले होते. राष्ट्राध्यक्षाला शिकार हा उल्हास होता. गुरेवाल्यांना ती गाठीभेटींची संधी होती. आणि क्वानाला ती स्मरण होती. बायसन पुन्हा ह्या भूमीवर यावेत अशी त्याची इच्छा होती, आणि ती काही अंशी फळास आली. १९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन आगगाडीने ओक्लाहोमातील विचिटा डोंगरांच्या राखीव रानात आणले गेले. ज्या रानातून तो पशू बंदुकीने घालविला गेला तेथेच तो शहरातल्या पिंजऱ्यातून, डब्यात बसून, परत आला. त्यांचा वंश तेथे आजही नांदतो आहे.

क्वाना पार्कर १९११ च्या फेब्रुवारीत मरण पावला. त्याच वर्षी १ एप्रिलला, वॅगनर कुरणाच्या पूर्वेस असलेल्या इलेक्ट्रा ह्या गावाजवळ, तेलाचा मोठा फवारा उडाला. गावाचे नावही वॅगनरच्या मुलीवरून पडलेले. ह्याच्या काही वर्षे आधी वॅगनरने गुरांच्या पाण्यासाठी विहिरी खणविल्या तेव्हा पाण्याऐवजी तेल लागले, आणि हे काळे पाणी गुरांनी कसे प्यावे म्हणून तो चिडला, अशी कथा सांगतात. कथेत थोडे तिखटमीठ असेल. तिचे मर्म मात्र खरे आहे. ह्यापुढे गाई कुरणाला पोसत नव्हत्या, तर तेल गाईंना पोसत होते. अवर्षण पडो, भाव उतरो, बाभळीच्या जातीचे मेस्कीट नावाचे काटेरी झाड गवत गिळीत चालो, कुरण टिकून राहिले. त्या मेस्कीटची वाढही गुरांनीच केली : त्याच्या शेंगा ती आवडीने खातात आणि शेणातून बिया दूरवर पेरतात.

कुरणे टिकतातच असे नाही, हे जवळच घडलेल्या दुसऱ्या उदाहरणावरून दिसते. ऑस्टिन येथे राज्याचे नवे विधानभवन बांधण्यासाठी टेक्ससजवळ पैसा नव्हता. जमीन मात्र होती. म्हणून बांधकामाच्या मोबदल्यात टेक्ससने शिकागोच्या भांडवलदारांना तीस लक्ष एकरांहून अधिक जमीन दिली. इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, आणि त्या जमिनीवर एक्सआयटी नावाचे अवाढव्य कुरण उभे राहिले. गुंतवणूकदारांत इंग्लंडचे धनिकही होते. परंतु नफ्याचे गणित जमेना. १९१२ पर्यंत तेथील शेवटची गुरे विकली गेली, आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी शेतकऱ्यांना व लहान कुरणवाल्यांना विकण्यात आली. त्या विक्रीतून अनेक घरे आणि गावे उभी राहिली.

वॅगनरांची जमीन अशी फुटली नाही. १९२३ मध्ये विल्यम वॅगनरने सारी मालमत्ता एका विश्वस्त संस्थेकडे सोपविली व मुलांना तिच्यात हिस्से दिले. जमीन अखंड राहावी ह्यासाठी हा उपाय होता, आणि तो इतका लागू पडला की पुढे तोच भांडणाचे मूळ झाला. विल्यम १९३४ मध्ये वारला. हिस्से नातवंडांकडे गेले, घराण्याच्या दोन शाखा झाल्या, आणि दोघींचे मत एक होईना. त्यांपैकी एका शाखेची धनीण इलेक्ट्रा वॅगनर बिग्ज ही नामवंत शिल्पकार होती. विनोदी लेखक विल रॉजर्सचा तिने घडविलेला अश्वारूढ पुतळा प्रसिद्ध आहे. तिने १९९१ मध्ये मालमत्ता मोडून हिस्से वेगळे करावेत म्हणून न्यायालयात दावा लावला. ती २००१ मध्ये वारली, पण दावा चालूच राहिला. २००३ मध्ये न्यायालयाने विक्रीचा हुकूम दिला. त्यावर अपिले झाली. आणि शेवटी २०१४ साली, दावा लागल्यानंतर तेवीस वर्षांनी, ती जाहिरात निघाली. मधल्या काळात, २०११ मध्ये, टेक्ससवर तेथील नोंदींतील सर्वांत कडक वर्षाचे अवर्षण कोसळून गेले होते. पंचाहत्तर एकरांमागे एकच जनावर उरले होते, ह्याचे एक कारण हेही होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. ह्या कुरणात विकले जात होते ते काय? शिकारीचेच उदाहरण घ्यावे. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे रानातले हरीण जमीनमालकाचे नसते. सर्व वन्य पशुपक्षी ही राज्याच्या जनतेची मालमत्ता आहे, असे त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. परंतु राज्यातील बहुतेक सर्व जमीन खासगी आहे, आणि परक्या जमिनीत पाय टाकणे हा गुन्हा आहे. म्हणून हरीण जनतेचे आणि फाटक मालकाचे अशी वाटणी झाली. मालक हरीण विकत नाही. तो फाटक उघडण्याचे भाडे घेतो, आणि शिकारीच्या हंगामापुरते रान पट्ट्याने देतो. अनेक कुरणांना हे उत्पन्न आज गुरांच्या उत्पन्नाइतकेच महत्त्वाचे झाले आहे. तलावांची कथाही अशीच. ह्या कुरणाला लागून विचिटा नदीवरचे केम्प आणि डायव्हर्शन हे दोन तलाव आहेत. १९२० नंतरच्या दशकातले हे तलाव पूर अडविण्यासाठी व शेतीला पाणी देण्यासाठी बांधले गेले. पाण्याचा हेतू सार्वजनिक. पण काठाची जमीन ज्याची त्याच्या परवानगीवाचून गळ टाकावयास जाणे दुर्घट.

म्हणून जाहिरातीत शिकार आणि मासेमारी ही जोडसुखे म्हणून शेवटी लिहिलेली असली तरी तीच विक्रीची खरी किल्ली म्हणावी लागते. ७२ कोटी डॉलरांना गाई घेणारा गिऱ्हाईक कोणी नसतो. गिऱ्हाईक विकत घेतो ते आठशे चौरस मैलांचे फाटक : ते उघडण्याचा, आणि त्याहूनही अधिक, ते न उघडण्याचा अधिकार. बायसन असताना ह्या गवताला फाटक नव्हते. गवताच्या पैशाच्या काळात ते भाड्याचे होते. तारेने ते पक्के केले, तेलाने राखले आणि न्यायालयाने बाजारात आणले.

२०१६ च्या फेब्रुवारीत कुरण अखंड विकले गेले. घेणारे स्टॅन क्रॉएन्के हे अनेक क्रीडासंघांचे मालक. लंडनचा आर्सेनल हा फुटबॉल संघही त्यांचा. किंमत प्रसिद्ध करण्यात आली नाही. कुरण कुरणच राहिले, गुरे आणि काउबॉय राहिले, जमिनीचे तुकडे पडले नाहीत, ह्याचे अनेकांना समाधान वाटले, आणि ते अकारण नव्हते. तुकडे पडलेल्या गवतावर घरांच्या रांगा उभ्या राहतात व रानातले जीव देशोधडीस लागतात, हा अनुभव टेक्ससला पुष्कळ आहे. परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डायव्हर्शन तलावाच्या काठी पट्ट्याच्या जागेवर राहणाऱ्या कुटुंबांना जागा सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. त्यांतील कित्येकांनी तेथे वर्षानुवर्षे काढली होती, घरे बांधली होती, म्हातारपण तेथेच घालविण्याचे ठरविले होते. घर त्यांचे होते, जमीन नव्हती. पुढल्या वर्षाच्या आरंभापर्यंत त्यांनी निघून जावयाचे होते. मालकाचे करणे कायद्याला धरून होते, ह्यात वाद नाही. क्वानाच्या वेळीही बहुतेक गोष्टी कायद्याला धरूनच झाल्या होत्या.

व्हर्ननच्या दक्षिणेस, कुरणाच्या प्रवेशद्वारासमोर, रस्त्याच्या कडेला एक मोठी शिळा आहे. तिच्याखाली पोको बुएनो ह्या नामांकित घोड्याला १९६९ साली पुरले आहे. आणि पुरले आहे ते आडवे नव्हे, उभे. विल्यम वॅगनरचा मुलगा पॉल वॅगनर ह्याने मृत्युपत्रात तशी इच्छा लिहून ठेवली होती. त्या घोड्याचा वंश सबंध अमेरिकेत पसरला आहे आणि जाणारे येणारे तेथे थांबून त्याचे नाव वाचतात. रस्त्याच्या ह्या बाजूला थांबावयास कोणाची परवानगी लागत नाही. पलीकडे फाटक आहे, आणि त्याच्या मागे, मेस्कीटच्या झुडपांतून, दृष्टी पोहोचेल तेथवर तेच गवत पसरलेले आहे.